पहिल्या पायरीपर्यंत

(इमारतीमागचं अंगण. उन्हात एक छोटी गाडी, चारही दारं उघडी, सीट काढून बाहेर ठेवलेल्या. सासरे आणि सून आतलं पाणी काढताहेत.)

सून : तिथे नका पिळू बाबा, पाणी परत आतच जातंय. बादलीत पिळा.

सासरे : हां, बादलीत. अगं पण नुसतं वरवर टिपून काय होणार? कार्पेटखाली हा एवढा गाळ बसलाय. सगळं उचकटायला लागणार.

सून : उचकटू या. गाडी ओढून आणली तो मेकॅनिक म्हणाला, आतून वाळली नाही तर वायरी सडतील.

सासरे : हे बघ काय सापडलं. तुझ्या सासूचा चष्मा. कालच नवा घेतलेला. अख्खी गाडी पाण्याखाली गेली, आणि याच्या काचेला काही नाही.

सून : धुऊन ठेवा तिकडे. डोळ्यांच्या डॉक्टरकडून घरापर्यंत घातलाही नव्हता त्यांनी. म्हणाल्या, घरी जाऊन आधी तुम्हाला नीट बघते, लग्नात काही राहून गेलं असेल बघायचं.

सासरे : हं. आणि चावी फिरवू नका म्हणालाय ना मेकॅनिक?

सून : इंजिनात पाणी आहे, फिरवली तर उरलंसुरलंही जाईल म्हणाला. पण चावी आहे कुठे माझ्याकडे? काल घरात पाऊल टाकल्याबरोबर तुमच्या मुलाने मागून घेतली. तुम्ही शेजारीच उभे होतात.

सासरे : ठेवली असेल कुठेतरी.

सून : त्याच्या खिशात आहे. मघाशी आईंची औषधं आणायला गेला, तेव्हा जिना उतरताना खुळखुळत होती.

सासरे : तापट आहे, पण मनात काही ठेवत नाही तो. दोन दिवस जाऊ दे, आपणहून आणून देईल.

सून : गाडीच राहणार नाही, तर चावी घेऊन काय करू? सकाळी फोनवर कोणाशी तरी बोलत होता. तो माणूस आज येणार आहे. आहे तशी घेऊन जा म्हणाला त्याला, ओली.

सासरे : विकतोय?

सून : विकतोय. आणि मला म्हणाला, पुन्हा चालवायचं नाव काढू नकोस, दवाखान्यात बसून होईल तेवढं काम कर.

सासरे : पण तुझं काम तर घरोघर जाऊन पेशंटकडून व्यायाम करून घ्यायचं. ते पलीकडच्या वसाहतीतले मास्तर, लकवा मारलेले...

सून : मास्तर आता काठी धरून दारापर्यंत जातात. परवा पहिल्यांदा गेले. त्यांची बायको स्वयंपाकघरात जाऊन रडली, मला दिसू नये म्हणून. बाबा, जे दवाखान्यापर्यंत स्वतः येऊ शकतात त्यांचं माझ्यावाचून अडत नाही. ज्यांचं अडतं ते पलंगाला खिळलेत, आणि तेही शहराच्या चार टोकांना. गाडी नाही म्हणजे काम नाही, इतकं सरळ आहे.

सासरे : मी बोलतो त्याच्याशी.

सून : काय बोलणार?

सासरे : हेच की, पोरगी नवी आहे, एखाद्या वेळी होतं असं, एवढं डोक्यात घेऊ नये...

सून : पोरगी नवी आहे.

सासरे : म्हणजे, तसं नव्हतं म्हणायचं मला.

सून : ती मॅट द्या इकडे, झटकते मी.

सासरे : तू चिडलीयस माझ्यावर.

सून : चिडले असते तर बरं झालं असतं, एकदाचं बोलून मोकळी झाले असते. मी कालपासून वाट बघतेय.

सासरे : कसली?

सून : तुम्ही बोलाल याची.

सासरे : ...

सून : बघा. कालही असेच गप्प होतात. तो मला विचारत होता, एवढं पाणी दिसलं नाही का, डोळे फुटले होते का. मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही टॉवेलने कान पुसत होतात. किती वेळ पुसत होतात बाबा! कोरडे होऊन लाल झाले होते कान.

सासरे : मी खोटं काही बोललो नाही.

सून : नाहीच बोललात. त्या ओढ्यात दोर टाकणाऱ्या लोकांनी विचारलं, कोण चालवत होतं गाडी. तुम्ही माझ्याकडे बोट केलंत. चालवत मीच होते. त्यात खोटं कुठे आहे?

सासरे : त्या वेळी मला काही सुचतच नव्हतं गं. तुझी सासू चिखलात बसलेली, मोडलेला हात पोटाशी धरून...

सून : त्या वेळचं मी धरतच नाही. त्या वेळी कोणालाच सुचत नव्हतं. पण आज सकाळी तुम्ही डेपोसमोरच्या कट्ट्यावर, तुमच्या जुन्या ड्रायव्हर-कंडक्टरांत जाऊन आलात. तिथे तर अंग कोरडं होतं तुमचं.

सासरे : तुला कोणी सांगितलं?

सून : तुमच्या बसवर असायचे त्या कंडक्टरकाकांचा फोन आला होता, आईंची चौकशी करायला. मीच घेतला. फार मायाळू माणूस. म्हणाले, सूनबाई, खचून जाऊ नकोस, नवीन हात असला की होतं असं. तुझ्या सासऱ्यांसारखा ड्रायव्हर घरात आहे, पुढच्या वेळी पाण्यात घालण्याआधी त्यांना विचारत जा.

सासरे : असं म्हणाला?

सून : मी हो म्हटलं. म्हटलं, विचारत जाईन काका.

सासरे : जरा टेकतो मी.

सून : त्या सीटवर नको, ओली आहे. इथे या डब्यावर बसा.

सासरे : अगं, सगळे जमले होते. काय झालं, काय झालं, म्हणून मागे लागले. मी तोंड उघडलं, आणि निघालं ते असंच निघालं. सुनेने घातली पाण्यात. ठरवून नाही बोललो मी. पण बोललो, आणि सगळे चुकचुकले, आणि मला... मला बरं वाटलं. तुला खरं सांगतो. क्षणभर बरं वाटलं. मग चहा तसाच ठेवून उठलो.

सून : का बरं वाटलं?

सासरे : त्या माणसांत माझी एक जागा आहे ना. सगळ्या नोकरीत माझ्या बसला साधा ओरखडा नाही. निरोपाच्या दिवशी साहेबांनी स्वतः बिल्ला लावला माझ्या छातीवर. कोणाचं भांडण झालं, की साइड कोणाची होती, चूक कोणाची, ते अजून मला विचारतात. तिथे बसून काय सांगू? की छोट्याशा गाडीत, शेजारच्या सीटवर बसून, घरच्या दोन बायकांना ओढ्यात घातलं?

सून : हो. तेच सांगायचं होतं. मी थांबले होते बाबा. पुलावरून वाहणाऱ्या पाण्याच्या अलीकडे. न्यूट्रल करून हँडब्रेक ओढला होता. म्हटलं, मागे फिरू, वरच्या रस्त्याने जाऊ, उशीर होईल तर होऊ दे. आईही मागून म्हणाल्या, वरून जाऊ या, मला काही घाई नाही. आठवतंय?

सासरे : आठवतंय.

सून : मग तुम्ही काय म्हणालात?

सासरे : कशाला ते पुन्हा उकरतेस?

सून : मला ऐकायचंय. रात्रभर तेच ऐकत होते मी, पण माझ्याच डोक्यात. एकदा तुमच्या तोंडून ऐकू दे.

सासरे : म्हणालो... एवढ्याशा पाण्याला काय घाबरतेस. यापेक्षा जास्त पाण्यातून मी भरलेल्या बस काढल्यात.

सून : आणि?

सासरे : ती बस आपल्या पुढून पाण्यात शिरली ना, तेव्हा मी तिच्या दाराकडे बघितलं. पाणी पहिल्या पायरीला लागत होतं. आमचं मापच होतं ते. पहिल्या पायरीपर्यंत जायचं, दुसरीला टेकलं की थांबायचं. म्हटलं, पहिलीलाच तर आहे. बसच्या मागोमाग घे, ती पाणी फोडत जाईल, आपल्याला वाट मोकळी मिळेल. पहिला गिअर, आणि पाय उचलायचा नाही.

सून : मी पाय उचलला नाही.

सासरे : नाही उचललास. मी सांगितलं तस्संच केलंस.

सून : पुढे सांगा.

सासरे : आज कट्ट्यावरून येताना थांब्यावर एक बस उभी होती. मी तिच्या पहिल्या पायरीला पाय लावून बघितला. इथे येते, गुडघ्याच्या जरा खाली. मग घरी आलो, आणि या गाडीला तसाच पाय लावून बघितला. तेवढं पाणी आलं, की हिच्या दाराचा उंबरा केव्हाच बुडालेला असतो. म्हणजे काल मी गाडीत नव्हतोच गं. बसमध्ये बसलो होतो, वर, माझ्या सीटवर. तिथून पाणी खाली दिसत होतं मला.

सून : आणि बस पलीकडे चढली, तशी तिने ढकललेलं पाणी उलटं फिरलं. बॉनेटवरून थेट काचेवर. इंजिन बंद. मी स्टिअरिंग फिरवतेय, फिरवतेय, आणि चाकांखाली काहीच नाही. रोज मी माणसं उचलते बाबा, माझ्या दुप्पट वजनाची. पण एवढी लोखंडाची गाडी अशी अलगद उचलली जाते, हे मला ठाऊक नव्हतं.

सासरे : मलाही नव्हतं. बस कधी तरंगली नाही माझी. तो पुलाचा कठडा नसता तर...

सून : कठडा होता.

सासरे : काच खाली घ्यायचं तुला बरं सुचलं. मला तेही सुचलं नाही. मी पायाने ब्रेक शोधत होतो, माझ्या बाजूला. जिथे नसतोच तिथे.

सून : सगळं तुमच्यावर टाकून मला साळसूद व्हायचं नाही. हँडब्रेक सोडला तो माझ्या हाताने. मागे दोन गाड्या हॉर्नवर हॉर्न देत होत्या, आणि शेजारून तुम्ही, घाबरतेस काय. मला थांबायची लाज वाटली. बाई आहे, नवी आहे, पाणी बघून अडली, असं कोणी म्हणू नये म्हणून गेले मी. रिकाम्या मैदानात विटा मांडून तुम्हीच मला रिव्हर्स शिकवलीत, आणि तिथे रिव्हर्स टाकायला माझा हात गेला नाही. दोन माणसं गाडीत बसवून मी लाजेपायी पुढे गेले. ते माझं आहे, ते मी कोणावर ढकलणार नाही. पण जे तुमचं आहे ते तुम्ही उचला ना.

सासरे : काल तू स्वतःच का नाही सांगितलंस त्याला? मी काही नाही म्हणालो नसतो.

सून : मी सांगितलं असतं तर ती चुगली झाली असती. स्वतः गाडी बुडवून सासऱ्याच्या नावावर खपवतेय, असं झालं असतं. आणि मला खरंच वाटत होतं, आत्ता बोलतील, आता जेवताना बोलतील, दिवा मालवताना तरी बोलतील.

सासरे : तुझी सासूही काही बोलली नाही.

सून : ते मला जास्त लागलं. खिडकीतून ओढून काढत होते मी त्यांना, तेव्हा माझ्या गळ्यात हात टाकून म्हणाल्या, तुझं ऐकायला हवं होतं गं. आणि घरी आल्यावर भिंतीकडे तोंड करून पडल्या.

सासरे : माझ्यासाठी गप्प राहिली ती. चारचौघांत माझी मान खाली जाईल असं तिने आजवर काही केलेलं नाही. तुझ्यासाठी कोणी बोललंच नाही, नाही का?

सून : नाही.

सासरे : मला लाज वाटते पोरी.

सून : मला सांगून काय उपयोग? मला माहितीच आहे काय झालं ते. तो आला बघा.

मुलगा : अजून घासताय? कशाला जीव काढताय दोघं? तो माणूस येतोच आहे, आहे तशी नेणार आहे गाडी. बाबा, तुम्ही वर जा, ऊन लागेल. आणि या आईच्या गोळ्या, जेवणानंतरच्या आहेत.

सासरे : त्याला येऊ नको म्हणून सांग.

मुलगा : कोणाला?

सासरे : गाडी नेणाऱ्याला.

मुलगा : बाबा, यात तुम्ही पडू नका. आईचं ते प्लास्टर बघवत नाहीये मला. थोडक्यात वाचलात तिघं. वाहत्या पाण्यात कोणी शहाणा माणूस गाडी घालतो का?

सासरे : मी घातली.

मुलगा : काय?

सासरे : ही थांबली होती. परत फिरू म्हणत होती. मी म्हटलं, घाल.

मुलगा : तुमचं मन मोठं आहे बाबा, कळतं मला. पण तिला असं पाठीशी घालू नका. उद्या पुन्हा असं काही झालं तर?

सासरे : पाठीशी घालत नाहीये.

मुलगा : तुम्ही घाल म्हणालात? तुम्ही? माझ्या सायकलचा ब्रेक सैल दिसला, की शाळेत चालत पाठवायचात मला. पाणी वाढलं की बस उभी करून ठेवायचात, पॅसेंजरांनी कितीही शिव्या दिल्या तरी. मी वर्गात सांगायचो सगळ्यांना, माझे बाबा कोणाचं ऐकत नाहीत.

सासरे : ठेवायचो उभी. स्टिअरिंग माझ्या हातात असायचं ना. स्टिअरिंग हातात असलं की माणूस भितो रे, आणि भ्यायलाच हवं. शेजारी बसलं की नुसतं तोंड चालवायचं असतं. ही भ्याली होती, बरोबर भ्याली होती. मी तिला हसलो.

मुलगा : तू सांग मला. बाबा तुला वाचवायला बोलताहेत ना?

सून : काल विचारलं असतंस तर बरं झालं असतं.

मुलगा : काय विचारलं असतं?

सून : काहीही. काय झालं, एवढं जरी. तू विचारलंस, डोळे फुटले होते का. त्याचं काय उत्तर देतात?

मुलगा : मी घाबरलो होतो. आईचा तो हात बघितला, आणि...

सून : आणि चावी मागितलीस. गाडीबद्दल तेवढंच बोललास तू. माझी ओढणी फाटली होती, कोपरापासून रक्त येत होतं. चावी देताना तुझ्याही हाताला लागलं ते. तू हात पुसलास.

मुलगा : म्हणजे, खरंच बाबांनी...

सून : ते सांगताहेत ना. माझ्याकडे नको, त्यांच्याकडे बघून ऐक.

सासरे : ऐक. आणि हेही ऐक. कट्ट्यावर जाऊन मी सांगून आलोय, सुनेने गाडी पाण्यात घातली म्हणून. संध्याकाळी पुन्हा जाणार आहे, सगळे असतात तेव्हा.

मुलगा : तिथे कशाला बाबा? झालं ते झालं. घरातलं घरात राहू द्या ना.

सासरे : घरातलं मीच बाहेर नेलं. तिचं नाव नेलं चारचौघांत. माझं नको न्यायला?

मुलगा : तुमच्यावर चिडू का... आणि हिला काल मी काय काय बोललो.

सासरे : चीड माझ्यावर. हक्काने चीड. मला सवय नाही त्याची, होईल.

सून : तो माणूस दारात येऊन उभा राहील. आधी त्याला फोन कर.

मुलगा : करतो. ही घे चावी.

सून : तिथे नको ठेवू, ओलं आहे. हातात दे.

मुलगा : लगेच फिरवू नकोस पण, इंजिनात...

सून : माहितीय मला.

मुलगा : हो. तुला माहितीच असणार. कोपर दाखव जरा. पट्टी कोणी बांधली?

सून : मीच. एका हाताने जेवढी जमली तेवढी.

मुलगा : वरून कापूस आणि औषध घेऊन येतो. जाऊ नकोस कुठे.

सून : कुठे जाणार? गाडी अशी पडलीय.

सासरे : गेला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही जाताना.

सून : बघेल. वेळ लागतो. या सीटचं ते टोक धरा, उलटी करू या. कंबरेतून नका वाकू, गुडघे वाकवा.

सासरे : असे?

सून : असे. आता उचला. ठेवा हळू. दिवसभर वाळेल इथे.

सासरे : संध्याकाळी कट्ट्यावर तू येशील का बरोबर?

सून : कशाला?

सासरे : तुझ्या पाठीमागे बोललो होतो. तुझ्यादेखत बोलावं असं वाटतं. आणि खरं सांगू का, एकटा गेलो तर पुन्हा दुसरंच काहीतरी निघेल तोंडातून, अशी भीती वाटते.

सून : येईन. कंडक्टरकाकांना सांगा आधी. त्यांना मी उगाच हो म्हटलंय.

सासरे : त्यालाच आधी सांगतो. आणि गाडी सुरू झाली की मास्तरांकडे जाशील ना?

सून : जाईन. ओढ्याला पाणी असेल तर वरच्या रस्त्याने जाईन.

सासरे : मला बसवशील का गं पुन्हा कधी शेजारी?

सून : नाही बाबा.

सासरे : बरोबर आहे.

सून : मागे बसवेन. आईंच्या शेजारी.

सासरे : ते तिला विचारावं लागेल. कालपासून एक अक्षर बोललेली नाही ती माझ्याशी.